खारेपाटातले बी

भात पेरण्याआधी बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवून घ्या, असे कृषी खाते कोकणात वर्षानुवर्षे सांगत आले आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बी ओतायचे, ढवळायचे. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले भरीव दाणे दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. साधी, स्वस्त आणि उपयोगी युक्ती. पण पेण-अलिबागच्या बांधावर उभे राहून हाच हिशेब केला की गंमत वाटते. हे द्रावण ३ टक्क्यांचे, आणि बांधापलीकडच्या धरमतर खाडीत ज्या समुद्राचे पाणी चढते त्यात मीठ साडेतीन टक्के. म्हणजे इथला शेतकरी हंगामाच्या पहिल्याच दिवशी आपल्या बियाण्याला जवळजवळ समुद्राची आंघोळ घालतो आणि पुढचे चार महिने तोच समुद्र शेताबाहेर ठेवण्यासाठी धडपडतो.

त्या काही मिनिटांत बियाण्याला काहीही होत नाही. मग शेतातल्या मिठाने नेमके बिघडते काय? आणि त्याच शेताच्या कडेला, बांधाच्या उतारावर, खाडीच्या चिखलात जी झुडपे आणि झाडे बिनदिक्कत वाढतात, त्यांच्या बियांना हे मीठ बाधत नाही का? उत्तर ऐकून पहिल्यांदा कोणीही चमकेल. बाधते. खाऱ्या जागच्या बहुतेक वनस्पतींच्या बिया सर्वांत चांगल्या रुजतात त्या गोड्या पाण्यात.

आधी जागा पाहू. पेण आणि अलिबाग तालुक्यांतल्या खाडीकाठच्या सपाट पट्ट्याला खारेपाट म्हणतात. ही जमीन समुद्राकडून मिळवलेली. खाडीच्या गाळावर मातीचा बांध घालायचा, लाटा लागतात त्या बाजूने दगड रचायचे, भरतीचे पाणी अडवायचे आणि आत साचणारे पावसाचे पाणी सोडून देण्यासाठी बांधात उघाडी ठेवायची. उघाडीची झडप खाडीच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून निघून जाते. भरती चढू लागली की खाडीचेच पाणी तिला दाबून बंद करते. गोव्यातल्या खाजणांत हेच काम मानस करते. तिथल्या सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमिनी गावकाऱ्यांनी शतकानुशतके याच जुगतीवर राखल्या. रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या, शिवाय पुनवेला-अवसेला उधाण आणि मधल्या अष्टमीला भांग. झडपेला हे पंचांग कोणी शिकवावे लागत नाही.

मे महिन्यात या शेतात पाऊल टाकले की पांढरट पापडी पायाखाली मोडते. खाली खारे पाणी, वर कडक ऊन. पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर ठेवून जाते. जमिनीची क्षारता मोजतात ती बहुधा मुळे जातात त्या थराची. बी मात्र पडते अगदी वर, पहिल्या काही मिलिमीटरांत, जिथे मीठ सर्वांत दाट असते. म्हणून एकाच शेतात, एकाच दिवशी, उभ्या झाडाच्या मुळाला लागणारे मीठ आणि त्याच झाडाच्या पायाशी पडलेल्या त्याच्याच बीला लागणारे मीठ यांत मोठे अंतर असते. मुळांना खाली पळता येते, बीला येत नाही. खाऱ्या जमिनीतले सर्वांत धोक्याचे वय हे असे अगदी पहिले.

मीठ बीला दोन प्रकारे त्रास देते. पहिला त्रास तहानेचा. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी ओढून काढायचे तर सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो, मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दसपट. कोरडे बी सुरुवातीला ही अडचण जुमानत नाही. वाळलेल्या पेशींची पाणी शोषण्याची ओढ इतकी जबर असते की बी समुद्राच्या पाण्यातही फुगते. फुगणे मात्र रुजणे नव्हे. एकदा फुगले की ती ओढ संपते. त्यानंतर मूळ बाहेर पडायचे तर पेशींना आतून ताण निर्माण करून लांबावे लागते, आणि बाहेरचे पाणी खारट असेल तर हा ताण येतच नाही. टम्म फुगलेले, जिवंत, पण मोड न आलेले बी तिथेच अडकते. दुसरा त्रास विषाचा. सोडियम आणि क्लोराइड पेशीत शिरतात, विकरांचे काम बिघडवतात, पटले दुबळी करतात. तहानेने अडलेले बी पाणी मिळताच सुटते. विष भिनलेले बी सुटत नाही.

या दोहोंत फरक करायची रीत इतकी साधी आहे की शाळेतल्या प्रयोगशाळेतही करता येईल. काचेच्या बशीत ओला टीपकागद, त्यावर मोजलेल्या बिया, वेगवेगळ्या तीव्रतेची मिठाची द्रावणे. दोन-तीन आठवडे रोज मोड मोजायचे. मग न रुजलेल्या बिया उचलून गोड्या पाण्यात ठेवायच्या आणि पुन्हा मोजायचे. खरी माहिती मिळते ती या दुसऱ्या मोजणीत.

असला उद्योग करणाऱ्या पहिल्या नामवंतांत चार्ल्स डार्विन होता. बेटांवर झाडे पोचली कशी, हा त्याचा प्रश्न. समुद्राने बी मरते, असे तेव्हा बहुतेक जण धरून चालले होते आणि कोणी तपासले नव्हते. १८५५ च्या सुमारास त्याने घरात मिठाच्या पाण्याच्या बरण्या मांडल्या. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस बुडून राहिल्यावरही रुजल्या. काही तर १३७ दिवसांनंतरही. त्यांत मिरची चिवट निघाली, शेंगवर्गीय वनस्पती बहुतेक ढेपाळल्या. आता मिरचीचे रोप खाऱ्या जमिनीत लावून पाहा, आठवडाभरात त्याची रया जाईल. बी काय सोसते यावरून झाड काय सोसेल हे कळत नाही, हा धडा या बरण्यांत होता. डार्विनला वेगळेच काही हवे असल्याने तो त्याने तितकासा गिरवला नाही.

तो गिरवला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्विन उंगार यांनी, अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. आतल्या भूभागातल्या खारट दलदलींवर त्यांचे काम होते. त्यांचे विद्यार्थी अजमल खान यांनी पुढे कराचीत अरबी समुद्राच्याच काठावर तीच बशी-टीपकागदाची रीत चालवली. एकामागून एक वनस्पती तपासल्या गेल्या आणि चित्र स्पष्ट होत गेले. मीठ वाढवावे तशी क्षारसह वनस्पतींच्या बियांचीही उगवण घटते. काही जातींच्या थोड्या बिया समुद्राहून खारट द्रावणातही रुजतात खऱ्या, पण बहुतेकींची पसंती गोड्या पाण्यालाच. गहू-हरभऱ्याच्या तुलनेत त्यांचे वेगळेपण दिसते ते दुसऱ्या मोजणीत. कडक मिठात आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यावर गोडे पाणी दिले की त्यांतल्या कितीतरी बिया भराभर रुजतात. मीठ त्यांना झोपवते, मारत नाही. उष्मा वाढला की मात्र हा सोसण्याचा पल्ला कमी होतो. मीठ आणि ऊन एकत्र आले की त्यांचीही पंचाईत होते.

म्हणजे रोप आणि बी यांची गणिते उलटी. समुद्रकाठच्या सुएडाचे रोप घ्या, मांसल बारीक पानांचे, उन्हाळ्यात तांबूस पडणारे. मुळे धरल्यावर त्याला मीठ हवेच असते. गोड्या पाण्यावर वाढवले तर ते खुरटते. पेशीतल्या पोकळीत ते सोडियम साठवते, उरलेल्या पेशीत त्या साठ्याला तोल म्हणून बीटेनसारखी निरुपद्रवी द्रव्ये भरते आणि मिठाच्याच जोरावर पाणी ओढते. पण ही सगळी यंत्रणा उभी राहायला पाने लागतात, मुळे लागतात, ऊर्जा लागते. बीजवळ यांतले काहीच नसते. त्याच्याजवळ एकच उपाय असतो, वेळ येईपर्यंत न रुजण्याचा.

कोकणात ही वेळ म्हणजे जून-जुलै. अलिबागला चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पहिल्या काही आठवड्यांत तो पापडी विरघळवतो, वरचे मीठ खाली ढकलतो, उरलेले उघाडीवाटे खाडीत नेऊन टाकतो, हवाही निववतो. मिठाने आणि उन्हाने मिळून बीला घातलेली दोन्ही कुलुपे तो एकदमच उघडतो. कराचीला वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. तिथल्या बीला संधी दिसते आणि आठवड्यात नाहीशी होते. एकाच समुद्राच्या दोन काठांवर ही दोन वेगळी नशिबे, आणि म्हणून कराचीचे निष्कर्ष आपल्याकडे तसेच्या तसे लावू नयेत असे मला वाटते. आपल्याकडच्या बीला पाऊस येईल का याची काळजी नसते. कोणत्या पावसावर विश्वास ठेवायचा, एवढाच त्याचा प्रश्न. मेच्या अखेरीस एखादी वळवाची सर येते, वरचे मीठ दोन दिवस धुतले जाते, मग पुन्हा ऊन. त्या सरीला भुलून रुजलेले रोप जूनपर्यंत टिकत नाही.

सुएडा आणि तशीच खाऱ्या जागची सॅलिकॉर्निया यांनी यावर तोडगा काढला आहे. एकाच झाडावर दोन तऱ्हांचे बी. चीनच्या किनाऱ्यावरच्या सुएडात एक तपकिरी, मऊ सालीचे. ते लगेच पाणी पिते, मीठ थोडे जास्त सोसते, पहिल्या संधीला रुजते. दुसरे काळे, चकचकीत, कडक सालीचे. ते थांबते. सॅलिकॉर्नियाच्या प्रत्येक झुबक्यात मधले बी मोठे आणि उतावळे, बाजूची दोन लहान आणि सावध, हे उंगार यांनी १९७९ मध्ये दाखवले. पहिली सर फसवी निघाली तर मोठी मरतात, लहान उरतात. खरी निघाली तर मोठ्यांना इतरांआधी जागा मिळते. आई एकच असते आणि ती आपल्या लेकरांना मुद्दाम सारखे वाढवत नाही.

खाडीच्या चिखलात उतरले की नियम बदलतो. तिथे रोज दोनदा पाणी येते; पडून राहणारे बी वाहून जाईल किंवा गाळाखाली गाडले जाईल. तिवराचे बी थांबतच नाही. फळ झाडावर असतानाच आतला गर्भ वाढून फळाची जागा भरून टाकतो. साल न फाडता, पण पडण्याच्या वेळी तो जवळजवळ रोपच झालेला असतो. पाण्यात पडल्यावर एक-दोन दिवसांत साल गळते, जाड घडीदार बीजदले उघडतात, चिखल लागला की मुळे फुटतात. अशा बियांना वाळवून डबीत ठेवता येत नाही. १९७३ मध्ये ब्रिटिश बीजशास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन गट केले, वाळवून साठवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या. दुसऱ्या गटाचे तिवर हे नेहमीचे उदाहरण झाले. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या पॅट्रिशिया बर्जाक आणि नॉर्मन पॅमेंटर यांनी वर्षानुवर्षे तिवराचेच बी घेऊन दाखवले की ते पडल्या क्षणापासून रुजायला लागलेले असते. त्याला सुकवणे म्हणजे वाढत्या रोपाला सुकवणे. ओलाव्यात ठेवले तरी काही आठवड्यांत ते संपते.

कांदळ याच्याही पुढे जातो. त्याच्या फळातून मूळदंड झाडावरच बाहेर येतो आणि महिनोन्‌महिने लोंबत वाढतो, हातभर, कधी दोन फुटांच्या आसपास. आईच्या देठातून मिळणाऱ्या पाण्यावर वाढल्यामुळे त्याला रुजण्याचा नाजूक काळ खाऱ्या चिखलात काढावा लागत नाही. आईच्या पानांत असते त्यापेक्षा या कोवळ्या दंडात मीठ कमी असते. हा दंड भाल्यासारखा सरळ खाली पडून चिखलात रुततो, अशी कथा माहितीपटांत हमखास असते. ओहोटीला, मऊ चिखलात, कधीकधी तसे होते. बहुतेक दंड मात्र पाण्यात पडतात, आधी आडवे तरंगतात, मग हळूहळू उभे होतात आणि कुठेतरी भलत्याच किनाऱ्यावर टेकतात.

झाडावर रुजणे ही मिठावरचीच तोड आहे, असे पाठ्यपुस्तके ठामपणे लिहितात. मला तो ठामपणा जरा जास्त वाटतो, कारण शेजारी चिपी उभी आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जिला मान दिला ती पांढरी चिपी याच पाण्यात, याच चिखलात जगते, आणि तिचे फळ सरळसाधे, बारीक बियांनी भरलेले. मीठ हेच एक कारण असते तर चिपीनेही तीच वाट धरली असती. लाटा, गाळ, तरंगत दूर जाण्याची गरज यांचाही यात वाटा असणार.

आपल्याकडे या झाडांच्या शरीरक्रियेचा पद्धतशीर अभ्यास वाढला तो खुद्द समुद्रावर नव्हे, सह्याद्री ओलांडून कोल्हापुरात. शिवाजी विद्यापीठात प्रा. जी. व्ही. जोशी यांनी खाऱ्या पाण्यातल्या वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर शिष्यांची एक पिढी घडवली आणि प्रा. लीला भोसले यांनी महाराष्ट्राच्या कांदळवनांची नोंद आयुष्यभर केली. त्याआधी मुंबईत एफ. आर. भरुचा आणि बी. एस. नवलकर यांनी मुंबईच्या तिवरांवर काम केले होते. गुळाच्या गावात बसून मिठाचा अभ्यास झाला, याची दखल कोल्हापूरकरांनी फारशी घेतलेली दिसत नाही.

आता भात. भाताची तऱ्हा सुएडाच्या बरोबर उलट. भाताचे बी बऱ्यापैकी मिठात, उशिरा का होईना, रुजते. मोड आल्यावर, एक-दोन पानांच्या अवस्थेत, ते एकदम हळवे होते. फुटवे येताना पुन्हा खंबीर, आणि लोंबी घडताना, फुलताना पुन्हा हळवे. जमिनीची क्षारता ३ डेसीसायमनच्या वर गेली की त्यापुढच्या प्रत्येक एककाला भाताचे उत्पन्न साधारण १२ टक्क्यांनी घटते, असे १९७७ मध्ये मास आणि हॉफमन यांनी काढलेले गणित आजही वापरतात. ७ ला पोचेपर्यंत निम्मे गेले. समुद्राचे पाणी त्याच मापावर ५० च्या आसपास असते. हे गणित उपयोगी आहे, पण ते सगळ्या हंगामाची सरासरी धरते. पंधरा दिवसांच्या रोपाला लागलेले ५ आणि फुटव्यांवर आलेल्या पिकाला लागलेले ५ यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि तो या आकड्यात दिसत नाही.

शेतकऱ्याला तो आकड्याशिवाय दिसला. खारेपाटात रहू पेरतात ते यासाठी. बियाणे गोड्या पाण्यात दिवसभर-रात्रभर भिजवायचे, गोणपाटात घालून वजनाखाली दडपायचे, उबेने मोड आणायचे. तोवर बाहेर पाऊस शेत धुऊन काढत असतो. मग चिखल करून, पाणी काढून, मोड आलेले बी हाताने फेकायचे. बी रुजण्याचा काळ गोणपाटात गेला, नाजूक पानांचा काळ जुलैच्या मुसळधारेत गेला, मीठ सर्वांत खाली असतानाच. सुएडाचे काळे बी आपल्या कडक सालीने जे साधते, ते इथे घरातल्या कोपऱ्यातल्या ओल्या गोणपाटाने साधले जाते. केरळच्या पोक्कळी शेतात याचीच दुसरी तऱ्हा दिसते. तिथे उन्हाळ्यात खाऱ्या मातीचे ढीग रचतात, पहिल्या पावसात ढिगांतले मीठ निथळते, त्यांवर मोडाचे बी पेरतात आणि महिन्याभराची रोपे झाली की ढीग फोडून रोपे मातीसकट शेतभर पसरतात. पीक निघाल्यावर त्याच शेतात कोळंबी. दोन्ही ठिकाणी कोणी मिठाशी झुंज दिली नाही. दोघांनी वेळ साधली.

उरतो दुसरा हळवा काळ, फुलोऱ्याचा. सप्टेंबर संपतो, पाऊस उघडतो, ऊन तापते, खालचे मीठ वर चढू लागते, आणि नेमके तेव्हा भात पोटरीत असते. परतीचा पाऊस नीट आला तर निभावते. ऑक्टोबर कोरडा गेला तर लोंब्या येतात, पण दाणा भरत नाही. पुढच्या वर्षी मिठाच्या पाण्यात तरंगणारे पोचट दाणे इथेच तयार होतात. शेतात पाणी अडवून धरणे हा एक उपाय, लवकर तयार होणारा वाण हा दुसरा.

वाणांचा इतिहास या पट्ट्यात चांगला लांब आहे. भुरारता, काळारता या जुन्या तांबड्या भातांतून निवड करून भुरारता ४-१० आणि काळारता १-२४ हे वाण आले. पुढे कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने भुरारता ४-१० चा आयआर-८ शी संकर करून बुटके, जास्त उत्पन्नाचे पनवेल वाण दिले. गोव्यात खाजणातल्या कोरगुटमधून निवडलेली गोवा धान १ आणि २ याच घराण्यातली. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या दामोदर, दासल, गेटू या देशी भातांना सीएसआर १, २, ३ असे क्रमांक देऊन सुरुवात केली होती. सगळीकडे कथा एकच: कुठल्यातरी खाडीकाठी कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले उंच, तांबडे, लोळणारे भात, आणि त्यातून काढलेला गुण.

त्या गुणाचा पत्ताही लागला. पोक्कळी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरच्या एका भागाला साल्टॉल म्हणतात. बंगालच्या नोना बोकरा भातातला तिथलाच एक जनुक २००५ मध्ये हाती आला. तो मुळाकडून पानाकडे जाणारे सोडियम वाटेतच परत ओढून घेतो. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने तिवराचा जनुक भातात घालून पाहिला. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक संपादित केलेले दोन भातवाण जाहीर केले, त्यांतला पुसा डीएसटी राइस १ मीठ आणि पाण्याचा ताण सोसणारा. यांतले काही खारेपाटात पोचेलही, आणि पोचावे. पण साल्टॉलचा गुण मुख्यतः रोपवयात उपयोगी पडतो. फुलोऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि कुठलाही भातवाण समुद्राच्या ५० डेसीसायमनला उभा राहत नाही. ३ चे ६ किंवा ८ झाले तरी वाणाने कमाल केली म्हणायची. त्यापलीकडचे सगळे अंतर बांध राखतो. ‘खाऱ्या पाण्यावर पिकणारा भात’ अशा मथळ्यांनी हे प्रमाण झाकले जाते, आणि बांधावरचा खर्च जुनाट वाटू लागतो.

बांधांची देखभाल पूर्वी गावाच्या हातात होती. पावसाळ्याआधी घरटी माणूस येऊन बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, दुरुस्त करायचा, त्या श्रमाला जोळ म्हणत. या भागाचा इतिहास सांगताना आपण खोत आणि कुळे यांच्याविषयी बोलतो, आणि बोलायलाच हवे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप याच जमिनींवरच्या वाट्यासाठी झाला. पण जमीन कोणाची या भांडणाआधी ती जमीन आहे की खाडी, हे जोळ ठरवत असे. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा खार जमीन कायदा आला, मग १९७९ चा, आणि बांध हळूहळू सरकारी झाले. जोळ आटली. शेती तोट्याची, तरुण मुंबईला किंवा जवळच्या कारखान्यात, आणि अर्ध्या दिवसाच्या हाकेवर पन्नास माणसे जमवायला गावात पन्नास माणसे नाहीत.

मग उधाणात बांधाला खांड पडते. पहिल्या दिवशी चार हातांची. लगेच बुजवली तर एक हंगाम बुडतो, फार तर दोन. पाऊस मीठ धुऊन नेतो आणि भात परत येते. न बुजवता दोन-तीन उधाणे गेली की येणारे-जाणारे पाणी ती रुंद करते, खोल करते, आणि मग ती मातीच्या पाट्यांनी बुजत नाही. त्या वाटेने पाण्याबरोबर तिवराचे बी आत येते. पावसाळ्यातच ते खाडीत तरंगत असते, त्याच वेळी शेत मऊ आणि कमी खारट असते, भाताने जागा सोडलेली असते. भाताच्या बीसाठी शेतकऱ्याने जी घडी साधली होती ती आता तिवर साधतो, आणि त्याला गोणपाट लागत नाही.

तीन-चार वर्षांत तिथे कंबरभर तिवर उभा राहतो. सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर कांदळवन. महाराष्ट्रात २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळतोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. मुंबईच्या आसपास जे चालले होते ते पाहता ती बंदी हवीच होती. शेतकऱ्यांचाही कांदळावर मुळात राग नाही. बांधाच्या बाहेर, लाटेच्या तोंडावर, तो त्यांना हवाच असतो, कारण तोच बांधावरचा मार झेलतो. तक्रार बांधाच्या आतल्या तिवराची आहे. तो तोडायचा तर परवानगीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. न तोडायचा तर नुकसानभरपाई कोणत्या खात्याने द्यायची, यावर फायली फिरतात. तोवर दरवर्षी त्या तिवराची फळे पिकतात, साल टाकतात आणि भरतीबरोबर खांडीतून शेजारच्या शेताकडे सरकतात.